आजीच्या गोठवलेल्या शिकरणासाठी घेतलेला पॉट

आमच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन गोड पदार्थ ठरलेले असत. दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्यांबरोबर आमरस, आणि रात्री, झोके खेळून दमलेल्या माहेरवाशिणी अंगणात एकत्र बसल्या की, लाकडी बादलीच्या पॉटमध्ये फिरवून गोठवलेले केळ्याचे शिकरण. आजी त्याला आइस्क्रीम म्हणत नसे, ‘पॉटचे शिकरण’ म्हणे, आणि ते खरेही होते, कारण त्यात दूध, केळी, साखर, वेलदोडा आणि किंचित जायफळ यांच्यापलीकडे काहीच नसे. तो पॉट आमचा एकट्याचा नव्हता, भाऊबंदांच्या पाच घरांत मिळून एक होता. वाटण्या झाल्यावर तो कोणाकडे गेला आणि कधी भंगारात निघाला, हे आज कोणालाच सांगता येत नाही. गेल्या वर्षी आखाजीच्या आठवडाभर आधी मी जळगावातल्या एका भांड्यांच्या दुकानातून तसाच, चार लिटरचा, हाताने फिरवायचा नवा पॉट चार हजार दोनशे रुपयांना घेतला. उन्हाळ्यात केळी आणि आंबा, शरदात सीताफळ अशा तीन फळांवर, एकूण अकरा वेळा वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

वस्तू ओळखीचीच आहे. बाहेर लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली लाकडी बादली, आत स्टेनलेस स्टीलचा उभा डबा, डब्यात लाकडी पट्ट्या बसवलेली पाती, आणि वर बिडाच्या दात्यांचे डोके व हँडल. हँडल फिरवले की डबा एका दिशेने आणि पाती उलट दिशेने फिरते. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी अशा हाताने फिरवायच्या पॉटचे पेटंट १८४३ मध्ये घेतले आणि मूळ रचनेत तेव्हापासून फारसा बदल झालेला नाही. त्यामुळे आज नवा पॉट घेताना पाहायचे असते ते कारागिरीकडे: लाकूड किती जाड आहे, डब्याचे झाकण किती घट्ट बसते, पातीच्या पट्ट्या डब्याच्या भिंतीला टेकतात की नाही आणि बादलीचे भोक कोणत्या उंचीवर पाडले आहे. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी मी दुकानात पाहिल्या, उरलेल्या दोन पाहिल्या नाहीत. पुढचा बराचसा त्रास त्या दोन गोष्टींनीच दिला.

पहिला प्रयोग आखाजीच्या दिवशी, पंधरा माणसांसमोर झाला आणि साफ फसला. दिवसा पारा चव्वेचाळीसच्या घरात होता, म्हणून रात्री नऊनंतर गच्चीवर बैठक मांडली. पॉटबरोबर आलेल्या पुस्तिकेत दुधाच्या लिटरमागे पाव किलो साखर लिहिली होती, त्याप्रमाणे पावणेदोन लिटर आटीव दुधात मी जवळजवळ साडेचारशे ग्रॅम साखर घातली आणि ठिपके पडलेल्या आठ केळ्यांचा गर सुरुवातीलाच मिसळला. बर्फाची लादी गोणपाटात घालून मुसळीने फोडली, डब्याभोवती भरली, वरून चार मुठी मीठ पसरले आणि आम्ही आळीपाळीने पाऊण तास हँडल फिरवत राहिलो. हँडल काही जड होईना. अमळनेरहून आलेल्या माझ्या थोरल्या आत्या इतका वेळ खाटेवर बसून मुकाट पाहत होत्या. त्यांनी शेवटी बादलीत बोट बुडवले, चाटले आणि म्हणाल्या, “बरफ शे, पन मीठ कोठे शे?” त्या रात्री सर्वांनी थंडगार, दाट, अतिगोड शिकरण पेल्यांतून प्यायले. उरलेल्या पुरणपोळ्यांबरोबर ते वाईट लागले नाही, एवढाच काय तो दिलासा.

आत्यांच्या प्रश्नात पॉटचे सगळे शास्त्र आहे. नुसत्या बर्फाचे तापमान वितळताना शून्य अंशावर थांबते, आणि साखर विरघळलेले दूध तर शून्याच्याही खाली दोन-तीन अंश गेल्यावरच गोठू लागते. म्हणजे बर्फ कितीही भरला तरी मिठावाचून काम होत नाही. मीठ पडले की बर्फ झपाट्याने वितळू लागतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो शेजारच्या डब्यातून ओढून घेतो, आणि ते खारे पाणी शून्याच्या कितीतरी खाली उतरते. प्रमाण अगदी नेमके जुळले तर ते उणे एकवीस अंशांपर्यंत जाऊ शकते, पण घरच्या बादलीत उणे दहा-बारा अंश मिळाले तरी भागते. मात्र मिठाचा अतिरेकही चालत नाही, कारण मग भिंतीलगतचे दूध पातीला खरवडायला सवड न देता दगडासारखे धरते आणि मधले पातळ राहते. अनेक वेळा करून आमचे प्रमाण असे बसले आहे: दहा किलो बर्फ, फिरवताना दीड किलो जाडे मीठ, बर्फाचा एक थर आणि मिठाचा एक थर अशा रीतीने, आणि पाती काढून डबा मुरवायला ठेवताना वरून आणखी अर्धा किलो. पुस्तिकेत याविषयी ‘आवश्यकतेनुसार मीठ घालावे’ एवढे एकच वाक्य आहे. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीची अशी बोळवण करणारी पुस्तिका छापण्यापेक्षा ती न छापलेली बरी.

दुसरी चूक साखरेची होती आणि ती समजायला अधिक वेळ लागला. साखर जितकी जास्त, तितके मिश्रण गोठायला नाखूश. त्यातच केळे हे सरळ फळ नाही: पिकताना त्यातल्या पिठाचे म्हणजे स्टार्चचे साखरेत रूपांतर होत जाते, त्यामुळे नुकते पिवळे झालेले केळे आणि काळे ठिपके पडलेले केळे या दुधाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. आजीकडे वजनकाटा नव्हता. ती फणी हातात घेऊन पाहत असे आणि ठिपके दिसले की साखरेच्या डब्यातून काढलेली एक मूठ परत डब्यात टाकत असे. लहानपणी मला तो काटकसरीचा भाग वाटे. आता त्याच मुठीचे माप मी ग्रॅममध्ये बसवले आहे. अडीच लिटर म्हशीचे दूध पावणेदोन लिटर होईपर्यंत आटवायचे, केळी नुसती पिवळी असतील तर त्यात पाव किलो आणि ठिपक्यांची असतील तर पावणेदोनशे ग्रॅम साखर घालायची, आणि आठ मध्यम केळ्यांचा, म्हणजे सुमारे सातशे ग्रॅम गर वापरायचा. एवढ्याने चार लिटरचा डबा दोन तृतीयांशाच्या आतच भरतो. त्याहून जास्त भरू नये, कारण फिरवताना हवा शिरून मिश्रण फुगते आणि झाकणाला भिडते.

केळ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या पदार्थात लपायला जागा नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतून निघणारा माल रेल्वेने आणि ट्रकने दिल्लीपर्यंत जातो, तेव्हा केळ्यांची आपल्याकडे वाण नाही. पण बाजारात मिळणारी बहुतेक केळी आता ग्रँड नैन जातीची असतात आणि रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायूवर एकसारखी पिकवलेली असतात. ती दिसायला सोन्यासारखी, पण आणल्या दिवशी आतून किंचित करकरीत लागतात. पूर्वीच्या वखारीतली केळी दिसायला अशी एकरंगी नसत, पण घरी येईपर्यंत मऊ झालेली असत. चेंबरची केळी दोन दिवस घरात, सावलीत, दोरीला टांगून ठेवली की शिकरणाच्या लायक होतात. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नयेत, कारण सुमारे तेरा अंशांखाली केळ्याला थंडी बाधते, साल काळी पडते आणि पिकणे अडते.

गर कधी घालायचा, हीसुद्धा आजीचीच युक्ती आहे, आणि ती आत्यांकडून मला दुसऱ्या प्रयोगाच्या वेळी कळली. सुरुवातीलाच घातलेला गर पाऊण तास हवेशी खेळत राहतो आणि कापलेले केळे ज्या कारणाने तपकिरी होते त्याच कारणाने सगळे दूध मळकट करतो. लिंबू पिळले तर हा रंग लांबतो खरा, पण आटीव दुधात लिंबू म्हणजे नासवण्याचे आमंत्रण. म्हणून आधी फक्त गोड दूध फिरवायचे, पंधरा-वीस मिनिटांनी हँडल पहिल्यांदा जड लागले की झाकणावरचे खारे पाणी ओल्या फडक्याने चारदा पुसायचे, झाकण उघडायचे, त्याच क्षणी सोललेली केळी पुरणयंत्रातून काढून तो गर आत सोडायचा आणि पुन्हा दहा-बारा मिनिटे फिरवायचे. गर थंड दुधात पडत असल्यामुळे काळा पडायला त्याला वेळच मिळत नाही. पुरणयंत्राची बारीक जाळी लावावी, कारण केळ्याची एखादी फोड राहिली तर ती गोठून खड्यासारखी दाताखाली येते. अशा रीतीने झालेल्या शिकरणाचा रंग हस्तिदंती असतो, आणि चमच्याने उचलल्यावर ते चमच्यावरून क्षणभर ओघळायचे की नाही याचा विचार करत असल्यासारखे थांबते. आजीचे शिकरण असेच असे. ते स्कूपने काढायचे गोळेबंद आइस्क्रीम नव्हते.

हाच पोत घरच्या फ्रीजरमध्ये का येत नाही, हे पाहण्यासाठी मी तेच मिश्रण एकदा स्टीलच्या डब्यात घालून रात्रभर ठेवले. सकाळी सुरी वाकली. फ्रीजरमध्ये मिश्रण न हलता सावकाश गोठते, त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि जिभेला कचकच लागतात. पॉटमध्ये भिंतीला धरलेला पातळ थर पाती लगेच खरवडून मध्ये ढकलते, स्फटिक बारीकच राहतात आणि थोडी हवाही मिसळते. ही हवा थोडीच असते, हे महत्त्वाचे. विकतच्या आइस्क्रीमचे वजन लिटरला किमान ५२५ ग्रॅम असावे असा नियम आहे, म्हणजे उरलेली जागा हवेने भरली तरी कायद्याची हरकत नाही. आमचे एक लिटर शिकरण काट्यावर ८३० ग्रॅम भरले. दोन वाट्यांत पोट का भरते, ते यावरून समजावे.

आता तक्रारी. पहिली लाकडाची. कोरडी बादली पहिल्या वापरात फळ्यांच्या सांध्यांतून सर्वत्र गळली. हा दोष नव्हे, लाकडाचा धर्म आहे, बादली आदल्या रात्री पाण्याने भरून ठेवली की फळ्या फुगून सांधे मिटतात. पण हे दुकानदाराने सांगितले नाही आणि पुस्तिकेतही लिहिलेले नाही. दुसरी तक्रार गंभीर आहे. बादलीला खारे पाणी वाहून जाण्यासाठी एक भोक असते, ते डब्याच्या झाकणाच्या कडेपेक्षा खाली असायला हवे, म्हणजे पाणी चढले तरी झाकणापर्यंत न पोहोचता बाहेर पडते. माझ्या पॉटला ते कडेच्या दोन बोटे वर पाडलेले होते. परिणामी तिसऱ्या प्रयोगात केसर आंब्याचे अडीच लिटर मिश्रण खारट झाले आणि फेकून द्यावे लागले. त्या आंब्यांची हळहळ अजून गेलेली नाही. दुकानात घेऊन गेलो तर ‘लाकडी भागाची हमी नसते’ असे उत्तर मिळाले, आणि भोक म्हणजे लाकडाचा भाग धरायचा की लाकडाचा अभाव, हा प्रश्न मी तिथे विचारला नाही. आमच्या गल्लीतल्या सुतारमिस्त्रींनी दहा मिनिटांत योग्य जागी नवे भोक पाडले, जुन्यात खुंटी ठोकली आणि पन्नास रुपये घेतले. तेव्हापासून खारटपणाचा प्रश्न मिटला.

तिसरी तक्रार पातीची. दोन लाकडी पट्ट्यांपैकी एक भिंतीपासून जवळजवळ दोन मिलिमीटर दूर राहत होती, त्यामुळे त्या बाजूला बर्फाचा पापुद्रा न खरवडता जाड होत जाई. तीही मिस्त्रींनीच बदलून दिली. बिडाच्या दात्यांना मात्र दोष देता येणार नाही. मिठाच्या पाण्याने ते गंजतात, पण काम झाल्याबरोबर गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून, खोबरेल तेलाचे बोट फिरवले तर वर्षभर टिकतात, असा माझा अनुभव आहे. आधीपासून लावलेले काळे ग्रीस मात्र पहिल्याच दिवशी पुसून काढावे, नाहीतर त्याचा थेंब झाकणावर उतरतो.

आंब्याचे शिकरण, खरे तर गोठवलेला आमरस, चौथ्या खेपेला नीट जमला. आंबा आंबट असेल तर दूध फाटण्याची भीती असते, म्हणून पूर्ण पिकलेला केसर घ्यावा आणि दूध अगदी थंड झाल्यावरच रस मिसळावा. सीताफळाचा अनुभव सर्वांत सुखाचा ठरला. कोजागरीच्या आसपास बाजारात सीताफळांच्या पाट्या लागतात, त्यांतली डोळे फुटलेली पिकी फळे आणून गर चाळणीवर हलक्या हाताने घोळवून बिया वेगळ्या केल्या आणि केळ्याप्रमाणेच अर्ध्या गोठलेल्या दुधात सोडला. सीताफळाचा गर दुधाबरोबर उकळू नये, कारण तापवल्यावर त्याला कडवटपणा येतो. घाईत असलेल्या गृहिणीला किंवा गृहस्थाला हे ठाऊक नसेल तर दोन तासांची बिया काढण्याची मेहनत वाया जाते. वैद्यमंडळी दूध आणि फळ हा विरुद्धाहार मानतात, त्यांची क्षमा मागून एवढेच नोंदवतो की आमच्या आजी हे शिकरण खात ब्याऐंशी वर्षे जगल्या.

खर्चाचा हिशेब केला तर एका खेपेला बर्फ, मीठ, दूध, साखर आणि केळी मिळून साधारण चारशे रुपये लागतात आणि बारा ते पंधरा माणसे खातात. यात मिठाचा खर्च डोळ्यांत भरतो, पण त्यावर जुना उपाय आहे. उरलेले खारे पाणी पसरट परातीत ओतून गच्चीवर ठेवले की आपल्याकडच्या उन्हात तीन-चार दिवसांत पाणी उडून तळाशी मीठ उरते आणि ते पुढच्या वेळी चालते. ते पाणी झाडांना मात्र घालू नये. मी पहिल्या वेळी ते बिनधास्त कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतले, आणि ते झाड पंधरा दिवसांत वाळले.

दुकानात याच पॉटला विजेची मोटर बसवलेला प्रकारही होता, जवळजवळ दुप्पट किमतीचा. शेजाऱ्यांकडे तो आहे. त्याचे काम चांगले आहे, पण आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो, आणि उन्हाळ्यात नेमकी रात्री वीज गेली की अर्धे गोठलेले दूध घेऊन बसावे लागते. शिवाय मोटरला मिश्रण केव्हा तयार झाले हे कळत नाही, हाताला कळते. शेवटच्या पाच मिनिटांत हँडल इतके जड होते की पॉट जमिनीवरून उचलला जाऊ लागतो, तेव्हा त्यावर गोणपाटाची घडी टाकून घरातल्या एखाद्या लहान मुलाला बसवावे लागते. आमच्याकडे त्या जागेसाठी भांडणे होतात.

दोघा-तिघांच्या घराने हा पॉट घेऊ नये. दहा किलो बर्फ आणून, फोडून, तासभर राबून मिळालेले शिकरण दोघांना संपत नाही, आणि फ्रीजरमध्ये दुसऱ्या दिवशी ते दगड होते, मग पंधरा मिनिटे बाहेर ठेवून वाट पाहावी लागते. ज्यांच्याकडे सुटीत आत्या, मावश्या, भाचवंडे येतात, ज्यांच्या गच्चीवर रात्री वारा असतो आणि ज्यांच्या गल्लीत एखादे जाणते सुतारमिस्त्री आहेत, त्यांनी अवश्य घ्यावा, पण दुकानातच बादलीत डबा बसवून, भोकातून आत पाहून, झाकणाची कड भोकाच्या वर दिसते की नाही हे तपासूनच पैसे द्यावेत. सुटे भाग या दुकानात मिळत नाहीत, विचारल्यावर ‘मागवून देऊ’ असे दोनदा सांगितले गेले आणि अद्याप काही आलेले नाही. त्यामुळे पातीच्या जादा पट्ट्यांचा एक जोड मी मिस्त्रींकडूनच करून घेतला आहे. यंदाच्या आखाजीला आत्यांनी स्वतः मीठ घालण्याचे जाहीर केले आहे.